मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव आणि आपला दवाखाना

मोतीबिंदूचे शस्त्रकर्म हे नेत्रशल्यविशारदांचे क्षेत्र असल्याने सामान्य चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा त्याच्याशी संबंध येत नाही, असा समज आपल्या व्यवसायात रूढ आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वस्तुस्थिती याहून निराळी आहे. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, काळा चष्मा लावून व थेंबांच्या दोन बाटल्या घेऊन मुखेड, कंधार, देगलूर, अहमदपूर किंवा निलंग्याकडील आपल्या गावी परततो. पुढील तपासणीची तारीख आठवड्यानंतरची असते. मधल्या काळात डोळ्यास काही झाले, तर तो प्रथम ज्या दारी येतो ते दार बहुधा आपल्या दवाखान्याचे असते, नाहीतर चौकातील मेडिकल दुकानाचे. त्या दारी त्याला काय सांगितले जाते, यावर त्याच्या डोळ्याचे भवितव्य अवलंबून राहते. त्यामुळे हा विषय केवळ शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरता मर्यादित ठेवता येणार नाही.

राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षण, २०१५-१९ यातील एक आकडा प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे. पन्नास व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले. त्यात शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू हे ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण होते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील उपद्रव हे ७.२ टक्के अंधत्वाचे. म्हणजे या वयातील साधारण चौदा अंध व्यक्तींमागे एक व्यक्ती अशी, जिच्या मोतीबिंदूवर उपचार झाले आणि तरीही दृष्टी राहिली नाही. याचा अर्थ शंभर शस्त्रक्रियांपैकी सात बिघडतात असा मुळीच नव्हे. बहुसंख्य रुग्णांना उत्तम दृष्टी मिळते व न केलेल्या शस्त्रक्रियेमुळे येणारे अंधत्व याच्या नऊपट आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेची भीती घालणे हा या लेखाचा हेतू नाही. उलट आपल्या भागातील ती भीती मोठ्या प्रयासाने कमी झाली आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे सुपुत्र डॉ. तात्याराव लहाने, ज्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या नावावरच कितीतरी वृद्ध मंडळी शस्त्रक्रियेस तयार झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पातही महाराष्ट्र होता. शस्त्रक्रिया वाढल्या, त्याअर्थी शस्त्रक्रियेनंतरचे रुग्णही आपल्याकडे वाढले, इतकेच.

संहितेतील नोंद

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले व कफज लिंगनाशावर शलाकेने वेधन सांगितले, हे आपण प्रथम वर्षापासून ऐकतो आणि सभांतून अभिमानाने सांगतो. त्याच अध्यायाचा उत्तरार्ध मात्र फारसा वाचला जात नाही. त्यात आचार्य आपल्या कर्मातील दोष मोजून ठेवतात. शलाका कर्कश असेल तर शूल, अग्र स्थूल असेल तर व्रण मोठा, तीक्ष्ण असेल तर अनेक प्रकारची हानी, विषम असेल तर जलस्राव. वेधनदोषाने किंवा रुग्णाच्या अहित आचरणाने राग, शोफ, अर्बुद, चोष, बुद्बुद, शूकराक्षिता व अधिमंथादी रोग होतात, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. वेधनास अयोग्य असा लिंगनाश कोणता, याचीही लक्षणे दिली आहेत. वाग्भटाचार्यांनी तर आवर्तकी, शर्करा, राजीमती, छिन्नांशुका, चंद्रकी व छत्रकी असे सहा उपद्रव नावानिशी सांगितले. स्वतःच्या शस्त्रकर्माचे अपयश इतक्या प्रांजळपणे नोंदविण्याची ही परंपरा आहे. आपल्या नियतकालिकांत तिमिरावरील त्रिफळाघृताचे अनुभव पुष्कळ येतात, परंतु किती रुग्णांना गुण आला नाही किंवा कोणाला अपाय झाला याचा रकाना माझ्या वाचनात क्वचितच आला आहे. याबाबतीत आपण सुश्रुतांपेक्षा मागे आहोत, असे म्हणावेसे वाटते.

वेधनाची पद्धती आज इतिहासजमा झाली, हेही सांगितले पाहिजे. त्यात अपारदर्शक भिंग डोळ्याबाहेर काढले जात नाही, दृष्टिमार्गातून खाली ढकलले जाते व आतच राहते. मद्रास येथे काम केलेल्या रॉबर्ट एलियट या नेत्रशल्यविशारदाने भारतातील वेधन झालेल्या डोळ्यांचा अभ्यास करून १९१८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अधिकांश डोळे कालांतराने निकामी झाल्याचे दिसते. अर्थात त्याने पाहिलेले वेधक हे गावोगाव फिरणारे लोक होते, सुश्रुतोक्त पूर्वकर्म व पश्चात्कर्म पाळणारे वैद्य नव्हते. तरीही भिंग आत राहण्याचा दोष पद्धतीचाच आहे. फ्रान्समध्ये दाव्हिएल याने अठराव्या शतकाच्या मध्यात भिंग बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली, १९४९ साली हॅरॉल्ड रिडले याने कृत्रिम भिंग बसविले व १९६७ साली केलमन याने फेको पद्धती आणली. पद्धती बदलली, पण नेत्रगोलात शस्त्र शिरल्यानंतर उद्भवणाऱ्या उपद्रवांचा काळ व त्यांची निकड बदललेली नाही.

निकडीविषयीही सुश्रुताचार्यांचे विवेचन विलक्षण आहे. अधिमंथाने दृष्टी नष्ट होण्यास कफजात सात रात्री, वातजात सहा रात्री व रक्तजात पाच रात्री लागतात, आणि मिथ्या उपचार झाल्यास पित्तज अधिमंथ तत्काळ दृष्टी घेतो, असे त्यांनी म्हटले आहे. हाच अधिमंथ त्यांनी वेधनाच्या उपद्रवांतही धरला आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या नेत्रांतर्गत जंतुसंसर्गाला, म्हणजे एंडोफ्थॅल्मायटिसला, अधिमंथ म्हणावे की सशोफ अक्षिपाक म्हणावे, यावर वाद घालता येईल. तो विद्वानांनी जरूर घालावा. चिकित्सकाने घ्यायचे ते एवढेच की, आचार्यांनी येथे महिने किंवा मंडल न मोजता रात्री मोजल्या आहेत.

वेदना नसलेला लाल डोळा

सुमारे बारा वर्षांपूर्वीचा प्रसंग. साठी ओलांडलेल्या एक आजीबाई शस्त्रक्रियेच्या सहाव्या दिवशी माझ्याकडे आल्या. डोळा लाल होता, पापणी किंचित सुजलेली होती. पट्टी काढल्यावर दिसत होते तेवढे आता दिसत नाही, असे त्या म्हणाल्या. ठणका आहे का, असे मी दोनदा विचारले. नाही म्हणाल्या. वेदना नाहीत, त्याअर्थी साधा अभिष्यंद, अशी समजूत करून घेऊन मी रुग्णालयाचे थेंब चालू ठेवण्यास सांगितले, पोटात औषध दिले व दोन दिवसांनी बोलावले. त्या आल्या तेव्हा त्यांना त्या डोळ्याने बॅटरीचा उजेड तेवढा कळत होता. पुढे नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात इंजेक्शने दिली, डोळा वाचला, दृष्टी आली नाही.

ज्या प्रश्नावर मी विसंबलो, त्याचे उत्तर त्यापूर्वीच प्रसिद्ध झालेले होते. अमेरिकेत ४२० रुग्णांवर केलेला ‘एंडोफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टमी स्टडी’ हा या विषयातील पायाभूत अभ्यास १९९५ साली प्रकाशित झाला. त्यातील रुग्णांत दृष्टी अंधुक होणे हे लक्षण सुमारे ९४ टक्क्यांत, लाली ८२ टक्क्यांत, वेदना ७४ टक्क्यांत व पापणीची सूज ३५ टक्क्यांत होती. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौथ्या रुग्णास वेदना नव्हतीच. रुग्ण येण्याचा मध्यम काळ शस्त्रक्रियेनंतर सहा दिवसांचा होता. लक्षणांमध्ये सर्वांत विश्वासार्ह ठरले ते दृष्टीचे कमी होणे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी दिसत होते आणि आता कमी दिसते, एवढे एकच वाक्य रुग्णाच्या तोंडून आले तरी तो रुग्ण त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला, नेत्रतज्ज्ञाकडे गेला पाहिजे.

या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष चिकित्सेविषयी आहे. शिरेवाटे प्रतिजैविके दिल्याने व न दिल्याने दृष्टीच्या फलितात फरक पडला नाही. फरक पाडते ते औषध थेट नेत्रकाचद्रवात सुईने दिलेले. ज्यांना केवळ प्रकाशाची जाणीव उरली होती, त्यांच्यात तातडीने व्हिट्रेक्टमी केल्याचा लाभ स्पष्ट दिसला. त्याहून बरी दृष्टी असलेल्यांत केवळ इंजेक्शनानेही तितकेच फलित मिळाले. येथे एक मर्यादा सांगणे भाग आहे. त्या अभ्यासात शिरेवाटे वापरलेली औषधे विशिष्ट दोनच होती व तेथील जंतू बहुतांशी त्वचेवरील सौम्य वर्गातले होते. भारतातील रुग्णांत ग्रॅम-निगेटिव्ह जंतू व बुरशी यांचा वाटा अधिक आढळतो आणि त्यांची गती अधिक घातक असते. म्हणून तेथील चांगली फलिते जशीच्या तशी आपल्याकडे गृहीत धरू नयेत. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. पोटातून दिलेल्या गोळीने, मग ती प्रतिजैविकाची असो वा आपल्या गुग्गुळकल्पाची, हा संसर्ग आटोक्यात येत नाही. ती देण्यात गेलेला प्रत्येक दिवस संसर्गाच्या पथ्यावर पडतो.

दवाखान्यात स्लिट-लॅम्प नसला तरी निर्णयास लागणारी तपासणी पाच मिनिटांची आहे. निरोगी डोळा तळहाताने झाकून, शस्त्रक्रियेच्या डोळ्याने किती अंतरावरून बोटे मोजता येतात ते पाहावे व पहिल्या दिवशी काय दिसत होते ते नातेवाइकास विचारावे. बॅटरीच्या तिरप्या उजेडात कृष्णमंडल स्वच्छ आहे की धुरकट, हे पाहावे. त्यामागे तळाशी पांढऱ्या पुवाची आडवी पातळी दिसली, तर निदानाची शंकाच उरत नाही. ती न दिसल्यास मात्र संसर्ग नाही असे समजू नये. डोळा दाबून पाहू नये, पट्टी बांधून बंद करू नये आणि कोणतेही थेंब, दूध, मध, घृत वा गुलाबजल घालू नये. सुश्रुताचार्यांनी तर्पणाच्या निषेधात नेत्रातील उपद्रव शांत झालेले नसणे हे कारण स्पष्टपणे दिले आहे. तेव्हा क्रियाकल्पाच्या आग्रही वैद्यांनाही येथे शास्त्राचाच आधार आहे.

पहिल्या दोन दिवसांत येणारा एक वेगळा उपद्रव येथे ओळखून ठेवावा. शस्त्रक्रियेत वापरलेल्या द्रवातील किंवा उपकरणांवर राहून गेलेल्या धावनद्रव्यातील दोषामुळे डोळ्याच्या पुढील भागात निर्जंतुक दाह होतो, त्यास टास असे संक्षिप्त नाव आहे. तो साधारणतः १२ ते ४८ तासांत येतो, वेदना अल्प असतात आणि एकाच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना होऊ शकतो. त्याची चिकित्सा स्टेरॉइडने होते, संसर्गाची तशी होत नाही. हा भेद करणे आपले काम नव्हे. पण एकाच शिबिरातील दोन रुग्ण एकाच तक्रारीने आले तर ती बाब संबंधित रुग्णालयास लगेच कळविणे हे निश्चितच आपले काम आहे. अशा सामूहिक घटना महाराष्ट्रात घडलेल्या आहेत. २०१५ साली वाशीम येथील शस्त्रक्रियांनंतर संसर्ग झालेल्या रुग्णांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यावे लागले, आणि जानेवारी २०१९ मध्ये जोगेश्वरी येथील महापालिकेच्या रुग्णालयातील रुग्णांनी दृष्टी गमावली. अशा प्रसंगी पहिल्या रुग्णाची वार्ता जितकी लवकर पोहोचते, तितके उरलेल्यांचे डोळे वाचण्याची आशा असते.

प्रतिबंध, आणि त्यातील आपला वाटा

संसर्ग येतो कोठून, या प्रश्नाचे उत्तर १९९१ साली स्पीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. काचद्रवात सापडलेले जंतू बहुतांश रुग्णांत त्यांच्याच पापण्या, नेत्रवर्त्म किंवा नाक येथील जंतूंशी तंतोतंत जुळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी ५ टक्के पोव्हिडोन-आयोडीनचे थेंब घातल्याने संसर्गाचे प्रमाण ०.२४ टक्क्यांवरून ०.०६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. पुढे युरोपातील अभ्यासाने (२००७) शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या पुढील कप्प्यात सेफ्युरोक्झिम दिल्यास धोका सुमारे पाचपट घटतो असे दाखविले. आपल्या देशातील अरविंद नेत्र रुग्णालयांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा घेऊन मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच्या अशाच वापराने प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आल्याचे २०१७ साली प्रसिद्ध केले. चिकित्सकीय संशोधन म्हणजे काय, याचा हा नमुना आहे. दहा हजारांत सात हा आकडा कमी करण्यासाठी लाखो नोंदी जपाव्या लागतात. वीस-तीस रुग्णांच्या प्रबंधातून उपद्रवांचे प्रमाण कधीच कळणार नाही.

यात आपला वाटा शस्त्रक्रियेच्या आधी येतो. मोतीबिंदूचा रुग्ण वर्षानुवर्षे आपल्याकडे येत असतो. त्याच्या पापण्यांच्या कडांना खपल्या धरतात का, कनीनक संधीजवळ दाबल्यास अश्रुद्वारातून पू येतो का, हे आपण सहज पाहू शकतो. दुसरे लक्षण म्हणजे पूयालसच. तो असताना शस्त्रक्रिया करणे म्हणजे पुवाच्या उगमाशेजारी डोळा उघडणे होय. आधी त्याची चिकित्सा व्हावी. मधुमेह आटोक्यात नसल्यास तोही संसर्गाचा धोका वाढवितो.

पाठविताना सोबत चिठ्ठी द्यावी, व त्यात रुग्ण घेत असलेली सर्व औषधे लिहावीत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या रुग्णांत शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीचा पडदा ढिला पडून फडफडतो व भिंगाचे मागील आवरण फाटण्याचा धोका वाढतो, हे चँग व कॅम्पबेल यांनी २००५ साली दाखविले. गोळी बंद करूनही हा परिणाम पूर्णपणे जात नाही, म्हणून ती बंद करण्यापेक्षा शल्यविशारदास आधी कळविणे महत्त्वाचे. मूत्राच्या तक्रारीसाठी रुग्ण आपल्याकडे येतो व मोतीबिंदूसाठी दुसरीकडे जातो. हा दुवा जोडणारा बहुधा दुसरा कोणी नसतो.

पश्चात्कर्मात शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे व कंप टाळावे, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले. आजच्या बिनटाक्याच्या छेदालाही ते लागू पडते. तीक्ष्ण नस्य व वमन शल्यविशारदाच्या अनुमतीवाचून करू नये. कास व मलावष्टंभ यांची चिकित्सा मात्र आपण आवर्जून करावी. वृद्ध रुग्णाला कुंथावे लागू नये, ही सेवा लहान नाही.

औषध विक्रेत्यांसाठी

शस्त्रक्रियेनंतर दिलेले स्टेरॉइडचे थेंब साधारणतः चार ते सहा आठवड्यांत कमी करत बंद करायचे असतात. रिकामी बाटली दाखवून ‘हेच द्या’ म्हणणारा नातू दुकानात येतो आणि बाटली मिळते. पुन्हा मिळते. १९६० च्या दशकात आर्माली व बेकर यांनी दाखविले की, स्टेरॉइड थेंबांनी सुमारे ५ टक्के लोकांत नेत्रदाब फार वाढतो व जवळजवळ एकतृतीयांश लोकांत मध्यम प्रमाणात. हा दाब दुखत नाही. दृष्टिनाडी सुकत जाते आणि मोतीबिंदू काढून मिळविलेली दृष्टी काचबिंदूने जाते. शिवाय, शेतात तूर-ज्वारीचे धसकट लागून बुरशीचा व्रण झालेल्या डोळ्यात तीच बाटली घरातील दुसऱ्या कोणी वापरली, तर व्रण झपाट्याने पसरतो. हे थेंब चिठ्ठीशिवाय देण्याचे नाहीत, हा कायदा सर्वांस ठाऊक आहे. उघडलेली बाटली महिन्याच्या आत टाकून द्यावी, ही सूचनाही लेबलावर छापलेली असते. ती तोंडी सांगावी, कारण आपले गिऱ्हाईक लेबल वाचू शकत नाही म्हणूनच तर डोळ्याची शस्त्रक्रिया करून आलेले असते. आयुर्वेदीय नेत्रबिंदूंसही निर्जंतुकतेचे मान लागू आहे. घरी वा दवाखान्यात गाळलेला त्रिफळा क्वाथ ताज्या शस्त्रव्रणाच्या डोळ्यात घालणे कोणत्याही शास्त्रात बसणारे नाही.

सावकाश येणाऱ्या उपद्रवांविषयी थोडक्यात. चार-सहा आठवड्यांनी मध्यभागी धूसर दिसू लागल्यास दृष्टिपटलाची सूज असू शकते, मधुमेहींत विशेषतः. डोळ्यापुढे विजेसारखे चमकणे, काळे कण वाढणे किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटण्याची लक्षणे असून येथेही त्याच दिवशी पाठवावे. वर्ष-दोन वर्षांनी हळूहळू धुके आल्यास रुग्ण ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतो. तो परत आलेला नसतो. भिंगामागील आवरण गढूळ होते व याग लेसरने काही मिनिटांत मार्ग मोकळा होतो. अशा रुग्णास सहा महिने घृतपान देत राहणे हा त्याच्या वेळेचा व पैशाचा अपव्यय आहे.

नोव्हेंबर २०२० च्या राजपत्राने शालाक्याच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी मोतीबिंदूसह अनेक शस्त्रकर्मे नमूद केली व त्यावर देशभर वाद झाला. शस्त्र कोणी धरावे, हा तो वाद होता. उपद्रव प्रथम कोण ओळखतो, याची चर्चा त्यात कोणी केली नाही, याचे मला नवल वाटते.

माझ्या टेबलाच्या खणात आता छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. शस्त्रक्रियेची तारीख, डोळा डावा की उजवा, तक्रार कोणत्या दिवशी व किती वाजता सुरू झाली, बोटे किती अंतरावरून मोजता आली, मधुमेह आहे काय, कोणते थेंब चालू आहेत, एवढ्याच ओळी त्यावर आहेत. चिठ्ठी भरत असतानाच शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयास दूरध्वनी करावा. ते लांब असेल किंवा उत्तर न मिळाल्यास नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अथवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, यांपैकी जे जवळ असेल तेथे रुग्णास पाठवावे. सायंकाळची शेवटची बस गेलेली असेल, तर सकाळची वाट पाहू न देता गावातील जीप ठरवून द्यावी.